न थांबणारी पलटण

गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी, संध्याकाळच्या प्रयोगात, अग्निमेरू साम्राज्याच्या काळरात्र पलटणीने शत्रूच्या राजाला स्ट्रेचरवर घालून रंगमंचाबाहेर नेले. संहितेप्रमाणे त्याला ठार मारायचे होते. घटना भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

भोपाळला मी आदल्या दिवशी सकाळी पोचलो. बोलावणे मावसबहीण मृणालचे. ती याच वसाहतीत वाढली, इथल्याच शाळेत शिकवते आणि मराठी मंडळाचे नाटक दरवर्षी लिहून बसवते. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "को खां, किधर को जा रिये हो?" (खां हे भोपाळी संबोधन, त्यासाठी पठाण असावे लागत नाही.) वसाहतीचे नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "वहां तो सब रिटायर लोग हैं. मिलने जा रिये हो, या भर्ती होने?"

वसाहतीत रस्ते रुंद आणि रहदारी एका गाईची. दोन्ही बाजूंना पिवळी क्वार्टर्स, प्रत्येकात पेरूचे झाड. निम्म्या घरांना कुलपे होती. बंद घरांतले पेरू पोपट खातात, उघड्या घरांतले शेजारी.

मृणालने पोहे आणि जलेबी एकाच ताटलीत वाढली. इथे ती तशीच खातात. तक्रार करायची सोय नाही, आणि दुसऱ्या घासानंतर गरजही उरली नाही.

"दादा, उद्या हसलास तर परत या घरी यायचं नाही," ती म्हणाली.

कारण गंभीर होते. मंडळाच्या गंभीर नाटकाला वसाहत दरवर्षी हसते. मागच्या वर्षी पलटणीची पुठ्ठ्याची शिरस्त्राणे घामाने मऊ पडून सैनिकांच्या डोळ्यांवर आली आणि साम्राज्याची सेना चाचपडत विंगेत गेली. त्यानंतरच्या सभेत मृणाल रागाच्या भरात बोलून गेली, की पुढच्या वर्षी एकही प्रेक्षक हसला तर रंगमंच कायमचा मंडळातल्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राला द्या. ऑर्केस्ट्रावाल्यांनी लगेच अनुमोदन दिले. मंडळाचे सचिव शेवडे कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी ते वाक्य ठराव म्हणून मंजूर करून घेतले.

"रागात बोललेलं कुणी मंजूर करतं का?" मी विचारले.

"शेवडेकाका करतात. त्यांनी आयुष्यभर तेच केलंय."

दुपारी तिच्याबरोबर गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात गेलो. यंदा चिलखते पुठ्ठ्याची नव्हती, पत्र्याची होती. ती घ्यायला पलटणीचा सेनापती स्वतः आला होता. कारंजकरकाका, निवृत्त फोरमन, मूळचे नागपूरचे. ते प्रत्येक तलवारीच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"काका, धार बघताय?" मी विचारले.

"धार नाही ना, हे पाहून राहिलो. कुठं धार राहिली तर कुणाला लागन."

मृणालच्या संहितेत ही पलटण अशी: ती कुणासाठी थांबत नाही. तिची पावले ऐकू आली की शहरे आपणहून दरवाजे उघडतात. प्रत्यक्षातली पलटण बहुतेक साठी ओलांडलेली, गुडघ्यांना पट्टे, पायांत कामावरचे जुने सेफ्टी शूज. संध्याकाळी मैदानावर तालीम झाली. ते बूट एका तालात आपटू लागल्यावर क्रिकेट खेळणारी मुले थांबली आणि एक कुत्रे उठून दुसऱ्या गल्लीत गेले. मृणालच्या चेहऱ्यावर प्रथमच आशा दिसली.

मग कारंजकरकाकांनी किल्ला चढण्याच्या सूचना दिल्या. "तलवार डाव्या हातात. उजवा हात कठड्याला. धावायचं नाही."

"काका, तुम्ही किल्ला जिंकताय," मृणाल म्हणाली.

"जिंकू ना बाई. पण सगळे जिंकू."

राजा तालमीला नव्हता. अद्वैत हा शाहपुऱ्यातला दातांचा डॉक्टर. त्याला पेशंट होते. त्याने फोनवर कळवले, "ताई, टेन्शन मत लो. काकांचा वार झाला की मी गिरतो. बस."

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर सभागृह भरले. ऑर्केस्ट्रावाले पहिल्या रांगेत, हसायच्या तयारीने बसले होते. पहिला अंक शांततेत गेला. दुसऱ्या अंकात दिवे मंद झाले आणि विंगेतून बूट वाजू लागले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सुपारी चघळणे थांबवले. पलटण आली. पत्रा चमकत होता. कुणी हसले नाही. विंगेत मृणाल पडदा मुठीत धरून उभी होती.

राजा सिंहासनावरून उठला, "या, काळरात्रीनो!" म्हणाला, पायरी उतरला, आणि स्वतःच्या शेल्यावर पाय पडून उताणा कोसळला. कारंजकरकाकांची तलवार तेव्हा अजून खांद्यावर होती.

ठरलेला वार झाल्यावर माणूस पडला तर ते नाटक. वार न होता पडला तर तो अपघात. कारखान्यात जन्म काढलेल्या माणसांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. काकांनी हात वर केला.

"लाईन बंद!"

कारखान्यात अपघात झाल्यावर यंत्रे थांबतात तशी पलटण जागच्या जागी थांबली. तलवारी खाली ठेवल्या गेल्या, टोके भिंतीकडे. दोघे राजाच्या डोक्याशी बसले. दोघांनी सभागृहाच्या भिंतीवर प्रथमोपचारासाठी टांगलेले स्ट्रेचर काढले.

"काका, मैं ठीक हूं यार. मला मरायचंय."

"मरशील बे, डाक्टरला विचारून मर. मान हलवू नको."

मी मागे वळून पाहिले. सगळे सभागृह उभे राहिले होते. कुणी सांगितले नसताना लोकांनी खुर्च्या सरकवून मधली वाट मोकळी केली होती. ऑर्केस्ट्रावालेही भिंतीला चिकटून उभे होते. त्यांचे वडील याच कारखान्यातले. पलटण त्या वाटेने, न धावता, राजाला घेऊन गेली. हसला फक्त एक जण: स्ट्रेचरवरचा राजा. आधी तोंड दाबून, दारापर्यंत पोचेतो मोठ्याने.

दवाखाना समोरच होता. कंपाउंडरने कोपरावरच्या खरचटल्यावर औषध लावले आणि रक्तदाब मोजला. तो राजाचा ठीक निघाला. मग त्याने कारंजकरकाकांचा मोजला आणि त्यांना बसवून ठेवले. पलटण चिलखतासह व्हरांड्यात उभी राहिली. तेवढ्या वेळात मृणाल रिकाम्या रंगमंचावर सिंहासनाच्या पायरीशी बसून होती. मी जाऊन शेजारी बसलो.

"कुणी हसलं?" तिने विचारले.

"प्रेक्षकांत नाही."

पलटण परत आली. एकही माणूस घरी गेला नव्हता. राजा त्याच पायरीवर उभा राहिला, शेला हातात धरून. काकांनी तलवार उगारली, तशी तिसऱ्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "नका हो मारू, आत्ताच पडलाय तो." त्यालाही कुणी हसले नाही. काका क्षणभर थबकले. मग वार केला आणि पडत्या राजाच्या मानेमागे अलगद हात घातला. पडदा पडला.

तिसऱ्या दिवशी मी परतीची गाडी धरली. ती इटारसीला उभी असताना मृणालचा फोन आला. सकाळी मंडळाची सभा झाली होती. ऑर्केस्ट्रावाल्यांनी हरकत घेतली, की प्रयोगात एक जण हसल्याचे सगळ्यांनी ऐकले आहे. सचिव शेवड्यांनी त्यावर निर्णय दिला: हसणारी व्यक्ती संहितेप्रमाणे त्या वेळी मृत असणे अपेक्षित होते, मृत व्यक्ती प्रेक्षक धरता येत नाही. पुढच्या वर्षीचा रंगमंच नाटकाला मिळाला.