नवापूरपर्यंत जर्मनी

ब्राह्मणपुरीत रूपचंदभाऊंचा मळा विचारलात तर लोक दोन-तीन रस्ते सांगतील. जर्मनी विचारलीत तर एकच ओटा दाखवतील.

भाऊ जर्मनीला गेलेले नाहीत. सुरतेच्या पुढे त्यांनी आगगाडीचा डबा पाहिलेला नाही. पण मुलगा भावेश तिकडे केळीच्या मुळांवर पीएच.डी. करायला गेला, त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात "आमच्याकडे जर्मनीत" सुरू झालं ते थांबलंच नाही. गावात कुणाची वीज गेली, भाऊ म्हणत, "आमच्याकडे जर्मनीत जात नाही." कुणाचा बैल हरवला, "आमच्याकडे जर्मनीत बैल हरवत नाही." आता जर्मनीत बैल रस्त्यावर सोडतच नसतील तर हरवणार कुठून, पण हे विचारायची सोय नव्हती. शिवाय जर्मनी सुरू झाली की भाऊ घरची अहिराणी खुंटीला टांगत आणि बातम्या दिल्यासारखं शुद्ध मराठी बोलू लागत. "तिथे गुरूला भेटायचं असेल तरी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. उगाच जाऊन ओट्यावर बसलं, असं चालत नाही." आणि हे ज्यांना सांगत ते सगळे उगाच येऊन ओट्यावरच बसलेले असत.

भावेश निघाला तेव्हा गावाने त्याला वाजतगाजत नंदुरबार स्टेशनवर सोडलं होतं. पुढाकार अर्थातच हिलालभाऊंचा. हिलालभाऊ म्हणजे माजी सरपंच. खुर्ची गेली, पण सत्कार करायचा हात राहिला. कुणी बारावी पास झालं तरी त्यांच्या खिशातून शाल निघते. त्या वेळी गल्लीतल्या घराघरातून भावेशसाठी मिरची कुटून आली होती. विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा पोराने स्वेटर काढून ठेवले आणि तिखट नेलं. थंडीच्या देशात. या एका गोष्टीवर भाऊंनी तीन वर्षं ओटा गाजवला. "तिकडच्या मिरचीला नुसता रंग असतो. आपल्या नंदुरबारच्या तिखटाशिवाय आपला माणूस तिथे आठ दिवस टिकत नाही. भावेशच्या प्रोफेसरबाईंनी एक घास खाल्ला आणि खिडकी उघडली!"

खिडकी उघडली की नाही, ते भावेशलाच माहीत. तो फोनवर वेगळंच सांगायचा. आईला, अनुसयाबाईंना. तिथे काचेच्या घरात केळीची मोजकी रोपं आहेत, थंडीत त्यांच्यावर दिवे लावावे लागतात, त्या रोपांची जेवढी काळजी घेतात तेवढी माझी कुणी घेत नाही. रविवारी सगळं इतकं गप्प असतं की शेजारी शिंकला तर बरं वाटतं. एकदा म्हणाला, "आई, बाईंनी विचारलं, शेतात ही बुरशी कशी पसरते? मला सांगता येईना. केळीत जन्म गेला माझा, आणि मी पुस्तकात शोधत बसलो." अनुसयाबाई ऐकून घेत. भाऊ मागून ओरडत, "बर्फ पडी ऱ्हायना का, ते इचार!"

पीएच.डी. झाली. डॉक्टर होऊन भावेश होळीनंतर घरी आला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आबा, मी परत जाणार नाही. शहाद्याला छोटी लॅब टाकतो. माती, मुळं, रोपं तपासून द्यायची. काम इथे आहे."

रूपचंदभाऊंनी आधी दार लावलं.

"हळू बोल! कोणी ऐकी लिधं म्हणजे?"

"ऐकलं तर काय?"

"काय म्हणजे? परदेशातून माणूस दोनदाच येस. लग्नाले, नाहीतर काढी टाकं म्हणजे!"

तर असं होतं सगळं. भावेशला पोटापाण्याची चिंता नव्हती, चिंता भाऊंना होती. पोरगा कायमचा आला असं कळलं, तर ओट्यावरची जर्मनी एका दिवसात उठणार. मग भाऊ कोण? केळीवाले रूपचंद. असे गावात पन्नास.

दुसऱ्या दिवसापासून भावेश सुट्टीवर होता. आधी ईस्टरची सुट्टी. ती संपली तशी उन्हाळी सुट्टी. पाऊस सुरू झाला आणि भावेश गुडघाभर चिखलात उभा राहून केळीची मुळं उपटताना दिसू लागला, तेव्हा भाऊंनी जाहीर केलं, "संशोधन ऑनलाइन सुरू आहे." लोक बांधावरून बघत. ऑनलाइन संशोधनाला एवढा चिखल लागतो हे त्यांना नवीन होतं. तेही पुरेना, तेव्हा जर्मनीने मळा प्रयोगासाठी घेतला. त्यावर दोन-चार जण चपला काढून मळ्यात शिरले.

"भावेश, कवय जाशी?" हा परत जाण्याच्या तारखेचा प्रश्न मात्र सुटेना. दूधवाला विचारी, न्हावी विचारी. शेजारच्या वत्सलाबाई तर चुलीवरची भाजी सोडून कुंपणाशी येऊन विचारीत. वत्सलाबाईंना गल्लीतल्या कुणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून कळतं आणि काय शिजत नाहीये हे त्याआधीच कळतं.

शेवटी एके दिवशी चौकात हिलालभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "रूपचंदभाऊ, वाईट वाटी नका घेऊ. लोके बोलतस, पोऱ्याले काढी टाकं म्हणे."

भाऊंच्या तोंडून शुद्ध मराठी सुटली, "भावेश येत्या सोमवारी रवाना होत आहे."

"मंग बँड सांगस!" हिलालभाऊंचा चेहरा असा उजळला, जसं काही शालींचं कपाट उघडं सापडलं.

घरी त्या रात्री जेवताना ठरलं ते असं. भावेशने सुरतेकडच्या गाडीत चढायचं, वाटेत नवापूरला उतरायचं, मामाकडे राहायचं. पुढचं पुढे.

"म्हणजे जर्मनी नवापूरलाच आली म्हणा," भावेश म्हणाला. "आणि मी मामाकडून परत आल्यावर?"

"तवय देखू."

"आबा, तिकडे लोक तोंडावर सांगून मोकळे होतात. मला ते आधी उद्धट वाटायचं. आता त्यांची आठवण येते."

"मंग जाय ना परत!" भाऊ म्हणाले आणि आपण काय म्हणालो ते ऐकून त्यांनी तांब्या तोंडाला लावला. अनुसयाबाईंनी दोघांच्या ताटात भाकरी वाढली आणि पिशवी भरायला उठल्या.

सोमवारी दोन क्रूझर गाड्या आणि बँडचा टेम्पो निघाला. प्रकाशा गावच्या पुलावर तापी दिसली तसा बँडवाल्या सुकलालने उगाचच एक सूर काढून बघितला. त्याच्याकडे चाल एकच, वरातीची. स्टेशनवर पोचेपर्यंत भावेशच्या गळ्यात इतके हार पडले की त्याचं फक्त नाक जर्मनीला निघाल्यासारखं दिसत होतं. हिलालभाऊंनी शाल पांघरली. भाषण सुरू केलं, "आपल्या गावाचं हे केळीचं पीक सातासमुद्रापार..." तेवढ्यात गाडी येत असल्याचं पुकारलं, म्हणून पीक तिथेच राहिलं.

वत्सलाबाईंनी प्रेमाने भावेशची पिशवी उचलली. उचलली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिशवी नाकाशी नेली.

"अनुसयाबाई!"

"काय व माय?"

"पोऱ्या जर्मनीले जाई ऱ्हायना, नी पिशवीमा तिखट नही?"

बँड थांबला. नंदुरबारच्या फलाटावर, जिथे मिरचीच्या बाजारामुळे हवेतच ठसका असतो, तिथे एक माणूस तिखटाशिवाय परदेशी चालला होता. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. यंदा आपल्याकडेही कुणी मिरची मागितली नाही, हे एकेकीला आठवू लागलं.

रूपचंदभाऊ पुढे सरसावले. "आता तिथे सर्व काही उपलब्ध—"

"भाऊ, तुम्हीच सांगेल शे ना, तठली मिरचीले नुसता रंग ऱ्हास म्हणून? आठ दिन टिकस नही म्हणून?"

तीन वर्षं ओट्यावर पेरलेलं आता उगवलं होतं. भाऊंनी बायकोकडे बघितलं. अनुसयाबाईंना खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यांना ते कुणी नीट समजावून दिलं नव्हतं. त्या सरळ म्हणाल्या,

"नवापूरमा मिळस ना तिखट. मन्हा भाऊनाच घर जाई ऱ्हायना तो."

गाडी फलाटाला लागली. भावेशने बापाकडे एकदा बघितलं, हार सावरले, वत्सलाबाईंच्या हातून पिशवी घेतली आणि दाराचा दांडा धरला. एक पाय वर ठेवला. अजूनही थाप जमण्यासारखी होती. पोरगा चढला असता, गाडी हलली असती, आणि नवापूर हे जर्मनीचं नवं विमानतळ आहे असंही भाऊंनी संध्याकाळपर्यंत पटवलं असतं.

भाऊंनी पिशवीचा दुसरा बंद धरला.

"उतर," ते म्हणाले. मग वळले, आणि चारचौघांसमोर जर्मनीच्या विषयात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अहिराणी आली. "सुट्टी नही, काही नही. आंडोर मन्हा, भावेश, घर ऊना शे. कायमना."

"काढी टाकं का?" हिलालभाऊंनी हळूच विचारलं. त्यांचा हात शालीकडे गेला होता, परत घ्यावी की कसं.

"डॉक्टर व्हईसन ऊना शे तो. कोणी काढेल नही. आठे काम शे म्हणे. माले लाज वाटे म्हणून मी सांगं नही."

गाडी निघून गेली. सुकलालने सनई खाली करून विचारलं, "मंग भाऊ, वाजाडूत का नही?"

"वाजाड. जावाले वाजाडं, येवाले नही का?"

त्याने तीच चाल धरली. हिलालभाऊंनी जरा विचार केला आणि "आपल्या गावाचं हे केळीचं पीक" पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, फक्त सातासमुद्रापार गाळलं.

क्रूझरमध्ये बसताना वत्सलाबाईंनी भावेशला कोपर मारलं. "मन्ही केळीना पानटा पिवळा पडी ऱ्हायनात. सकाळले येस का देखाले?"

भावेश हो म्हणणार, तेवढ्यात पुढच्या सीटवर रूपचंदभाऊंनी घसा साफ केला. शुद्ध मराठी परत आली होती.

"वत्सलाबाई, डॉक्टरसाहेबांची आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागेल."

"तुन्हा ओटावर येईसन बठसू," वत्सलाबाई म्हणाल्या. "तीच मन्ही अपॉइंटमेंट."