लॉनवरचं अडेल इंजिन

चावी फिरवली. इंजिनाने अर्धा फेरा घेतला, ‘खट्ट’ केलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खट्ट.

“पाह्यलं का, मिस्त्री?” प्रमोदभाऊ म्हणाले. “नवी बॅटरी टाकली, तरी तेच. या बुढ्यानं मशीनची वाट लावून टाकली. आजपासून सुट्टी त्याले.”

बुढा म्हणजे माळी महादेवभाऊ. ते दहा हातांवर टोपी हातात धरून उभे होते. सगळं ऐकू येत होतं.

सिंदी मेघेजवळ प्रमोदभाऊंचं लग्नाचं लॉन आहे. गवत कापायला त्यांनी बसून चालवायचं मशीन आणलं, लहानशा ट्रॅक्टरसारखं. माझा धंदा शेतातल्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्याचा. असं मशीन आमच्या भागात दुसरं पाहिलं नाही, म्हणून तज्ज्ञही मीच.

गेल्या खेपेला, मशीन असंच अडलं तेव्हा, मीच म्हटलं होतं, “मिसहँडलिंग दिसते.” कारण सापडलं नाही की आम्ही मेकॅनिक हा शब्द वापरतो. त्यावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही. प्रमोदभाऊंना पुरावाही मिळाला होता. स्टार्ट करण्याआधी महादेवभाऊ इंजिनावरची, इंजिनाबरोबरच फिरणारी जाळी हाताने उलटी फिरवत.

“काऊन फिरवता हो?” मी विचारलं.

“थोडी मागं घेतली का जोर भेटते तिले. मंग सुरू होते. सीधी चावी मारली का अडते. मी सांगून राह्यलो भाऊले, पण ते आयकतच नाईत.”

मला हे पहिल्याच खेपेला विचारता आलं असतं.

बॅटरी मीटरवर ठीक निघाली. केबल घट्ट होत्या. मग स्पार्क प्लग काढून चावी मारली, तर इंजिन गरागरा फिरलं. म्हणजे स्टार्टरही चांगला. प्लग लावला की पिस्टनला आतली हवा दाबावी लागते आणि तिथेच ते अडत होतं.

एवढा दाब स्टार्टरला झेपत नाही, म्हणून अशा इंजिनात एक सोय असते. सुरू होताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि थोडी हवा सोडून देतो. त्यासाठी टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, अगदी बारीक लागते. फट वाढली की सुरू होताना तो व्हॉल्व्ह उघडतच नाही.

कव्हर खोललं, फट मोजायचं गेज घातलं. फट तिपटीने जास्त होती.

एवढी फट आपोआप वाढत नाही. कोणीतरी ठेवावी लागते. दिवाळीआधीचं सर्व्हिसिंग मीच केलं होतं. त्या दिवशी गेज दुकानात राहिलं होतं आणि परत जायचा कंटाळा आला. मग लॉनच्या ऑफिसातली एक लग्नपत्रिका उचलली, तुकडा फाडला आणि तो घालून गॅप सेट केला. पंपांची इंजिनं मी वर्षानुवर्षं कागदावरच लावत आलोय, ती कुरकुर करत नाहीत. पण ही पत्रिका भारीतली, चांगली जाड होती. मुलीकडच्यांनी खर्च केला होता.

गुपचूप गॅप लावून ‘ट्यूनिंग केलं’ म्हणता आलं असतं. लॉनच्या जनरेटरचं कामही माझ्याकडेच होतं. पण महादेवभाऊ पवनारहून रोज बसने येत होते. साठीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? मला लाज वाटली. भीतीही वाटली.

गॅप लावला. जाळीला हात न लावता चावी मारली. पहिल्या झटक्यात सुरू.

“काय होतं?” प्रमोदभाऊंनी विचारलं.

“टॅपेट. दिवाळीले मीच चुकीचा सेट केलता. महादेवभाऊचा काही दोष नाई. हे हातानं मागं घेत होते म्हणून मशीन चालली, नाईतर स्टार्टर कधीचाच जळला असता.”

प्रमोदभाऊ माझ्याकडे बघत राहिले.

“मंग मिसहँडलिंग?”

“माझीच.”

प्रमोदभाऊ महादेवभाऊंकडे वळले. म्हणाले, “उद्या टायमावर येजा.” महादेवभाऊंनी टोपी घातली, मशीनवर बसले आणि उरलेलं गवत कापायला घेतलं. मी सामान आवरेपर्यंत त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांचं बरोबरच होतं.

जनरेटरचं काम पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे गेलं. महादेवभाऊ अजून तिथेच आहेत. आता कुठेही गेलो की मशीन रोज कोण चालवतं ते आधी विचारतो आणि त्याचं पूर्ण ऐकून घेतो. पाच मिनिटं जातात. मीटर त्यानंतर काढतो.