काकांची रेकॉर्डिंगं

टीव्हीवरचा कार्यक्रम लागलेल्या वेळीच बघून टाकणारी माणसं उधळी असतात, असं ठाम मत असलेला एकच गृहस्थ मला भेटला आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. मूळचे सांगलीकडचे, तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर बोईसरलाच राहिले. निवृत्त माणसं बाग लावतात, भजनी मंडळात जातात. काकांनी केबलची वायर घरच्या कम्प्युटरला जोडली आणि दिसेल ते रेकॉर्ड करायला घेतलं. मालिका, पाच दिवसांच्या कसोट्या, उपवासाच्या पाककृती. गेल्या आठवड्याचं राशिभविष्यसुद्धा त्यांच्याकडे जपून असे. बघत मात्र काहीच नसत. मॅचचं शेवटचं षटक चालू असताना उठून आंघोळीला जात. "आपल्याकडे आहे, नंतर बघू," म्हणत.

अडचण एवढीच की रेकॉर्डिंगं नाहीशी होत. पहिला संशय अर्थातच आत्यावर. ती कम्प्युटरवरून ओलं फडकं फिरवते, त्यात कार्यक्रम पुसले जातात, असं काकांनी गंभीरपणे मला सांगितलं. मग खोलीला कुलूप लागलं. कुलपाआडूनही कार्यक्रम जातच राहिले, तेव्हा आत्याने आठवडाभर त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. दुरुस्तीवाला पोरगा प्रत्येक वेळी "अंकल, वायरस है" म्हणून निघून जाई.

दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशी किनाऱ्यावरच्या गावातल्या. एका वाहिनीने त्यांच्या गावात सुक्या मासळीवर कार्यक्रम केला, त्यात मावशी आणि त्यांचे यजमान दोघंही बोलले. तो लागला तेव्हा मावशी बाजारात होत्या आणि घरचा टीव्ही बंद पडलेला. काकांनी त्यांना शब्द दिला, की तुमचा कार्यक्रम माझ्याकडे आहे, कधीही या. मावशींना सवड झाली नाही. मग यजमान आजारी पडले आणि गेले. दिवस-कार्य उरकल्यावर मावशी आल्या, टोपलीशिवाय.

"काका, आमच्या ह्यांना बगायचं हाय," म्हणाल्या.

कार्यक्रम कुठेच नव्हता. काका शोधत राहिले, मावशी चहा पिऊन, राहू दे म्हणून उठल्या. त्या रविवारी काकांनी मला पालघरहून बोलावून घेतलं. मी सगळं उघडून बघितलं. जागा संपली की तो कम्प्युटर नव्यासाठी सगळ्यात जुना कार्यक्रम आपला आपण पुसून टाकत होता. एखादा जपायचा असेल तर त्यावर खूण करायची सोय होती. काकांनी एकावरही खूण केली नव्हती, कारण त्यांना सगळेच जपायचे होते.

"म्हणजे राशिभविष्यासाठी मी त्या माणसाला पुसलं," काका म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी आत्याला काहीतरी सांगितलं. बाहेर आले तेव्हा अंगात बाहेर जायचा शर्ट होता.

आम्ही मावशींच्या गावी गेलो. त्या बोंबील वाळत घालत होत्या. काका उन्हात उभे राहूनच म्हणाले, "मावशी, तुमचा कार्यक्रम माझ्या हातून गेला. आणि मी तो बघितलाही नव्हता."

मावशी थोडा वेळ हातातलं काम करत राहिल्या. मग आम्हाला सावलीत बसवून म्हणाल्या, "मी हुती ना तिथं. टीवीवाल्या पोरीनं इचारलं, तुमच्या मासलीत काय खास हाय? ह्यांनी आदल्या दिवशी सगलं पाठ केलेलं, ते इसरले. म्हनाले, 'ताजी हाय.' आनी माज्याकडं बगत बसले. समोर सगली सुकी मासली, काका."

त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. काका गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

"परत एकदा सांगता?" त्यांनी विचारलं.

मावशींनी परत सांगितलं. या खेपेला यजमान दोन वाक्यं जास्त बोलले, आणि काकांनी त्यांना बोलू दिलं.