नाथसागरात तीनच विमाने

मी नाथसागरात चार विमाने बुडवली, हे विधान साफ खोटे आहे. तीन बुडवली.

चौथ्या विमानाची अफवा माझे मेहुणे बबनराव यांनी उठवली असून, नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ते ती हातवाऱ्यांसह सांगतात. (गेल्या खेपेस वऱ्हाडातल्या एका आजींनी माझ्याकडे पाहून पदराने डोळे टिपले. विमाने खरी होती, अशी त्यांची समजूत झाली होती!) सौभाग्यवतींचे म्हणणे आणखी वेगळे. त्या म्हणतात, त्यांनी मला तीनदा बजावले. हेही असत्य आहे. दोनदाच बजावले. तेव्हा खरी हकीकत आता मीच लिहितो.

आम्हा जुन्या विमानांच्या भक्तांचे एक मंडळ आहे. ज्याने त्याने आपापल्या घरी संगणकापुढे बसायचे, कानांवर हेडफोन चढवायचा, आणि पडद्यावरच्या एकाच आकाशात सर्वांनी मिळून उडायचे. आजची जेट विमाने आम्हांला वर्ज्य. आमची ती डाकोटा! रुपेरी अंग, दोन पंखे, आणि जमिनीवर शेपूट टेकून बसली की नाक आभाळाकडे. तिची इंजिने आधी खोकतात, मग धूर सोडतात, मग हळूहळू सुरात येतात. तो सूर लागला की मला माझे गुडघे आठवत नाहीत, औषधे आठवत नाहीत. मी कुठल्या तरी न जगलेल्या तारुण्यात अलगद तरंगू लागतो.

मंडळाचे नेते नाशिकचे देवरे. नेत्याने पुढे उडायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या पंखाजवळ पंख ठेवून मागून यायचे. मागच्यांनी नेत्याच्या पंखाखेरीज कुठेही पाहायचे नाही, ही आमची शिस्त. ते नेतेपद मला हवे होते. (का नको असावे?) एकदा बोलता बोलता मी म्हणालो, "नकाशा बघून उडणारा नेता कसला? मी तुम्हांला नाशिकहून माझ्या संभाजीनगरात नुसत्या नजरेनं आणतो."

देवरे शांतपणे म्हणाले, "आणा की! चारही विमानं सुखरूप उतरली, तर यापुढे नेते तुम्ही."

रविवारी दुपारी आम्ही निघालो. पुढे मी, माझ्या एका पंखाला देवरे, दुसऱ्याला कोल्हापूरचे तरुण माने, आणि शेवटी नागपूरच्या डॉक्टर बाई. इकडे आमच्या दिवाणखान्यात सौभाग्यवती मेथी निवडत बसल्या होत्या. चितेगावहून आलेले बबनराव त्यांना मदत म्हणून शेंगदाणे खात होते.

नाशिक मागे पडले. खाली गोदावरी उलगडत होती. उतरत्या उन्हात ती कधी रुपेरी दिसे, कधी मधाच्या रंगाची; मळ्यांना वळसे घालीत ती अशा संथ डौलाने चालली होती की माझी नजर तिच्यावरून निघेना. इंजिनांचा तो एकसुरी घुमार, पंखावर झोपी गेलेले ऊन, दूर विरघळणारी क्षितिजरेषा... मी नदीच्या मागे गेलो, असा आरोप होतो. मी गेलो नाही. मी सरळच चाललो होतो. नदी माझ्याबरोबर आली!

बऱ्याच वेळाने समोर पाणी चमकले. मी माइकवर गंभीर स्वरात घोषणा केली, "मंडळी, आमच्या शहरात आपलं स्वागत असो. हा हर्सूलचा तलाव."

मग माने म्हणाले, "काका, ह्यो तलाव हाय का समुद्र? पल्याडचा काठच दिसंना की!"

"यंदा पाऊसमान बरं आहे," मी म्हणालो. (मराठवाड्याच्या इतिहासात हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने कुणी उच्चारले नसेल!)

तेवढ्यात मेथीच्या जुडीमागून आवाज आला. "अहो, इतका वेळ ती नदी कोणती दिसत होती?"

"गोदावरी."

"गोदावरी कवा आली हो आपल्या गावात? ती पैठणला जाते. हा नाथसागर हाय!"

माझा माइक चालू होता. हे नागपूर-कोल्हापूरपर्यंत ऐकू गेले.

"पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला तलाव ओळखता येत नाही काय?" मी कडाडलो.

"अक्का, दाजी म्हणतेत तर असंल हर्सूल," बबनराव शेंगदाणा फोडत म्हणाले. "धरण लई फिरतं आजकाल."

या टोमण्याकडे मी दुर्लक्ष केले आणि आज्ञा दिली, "सर्वांनी खाली या! काठावर मध्यवर्ती कारागृह दिसेल. तिथून उजवीकडं वळलं की धावपट्टी."

आम्ही खाली आलो. आणखी खाली आलो. माने विचारू लागले, "काका, जेल कुठाय?" देवरे म्हणाले, "साहेब, उंचीकडे लक्ष असू द्या." पण उंची पाहायची कशाला? सूर्य पाठीमागे कलला होता. पाणी सोन्याचे झाले होते, आकाश सोन्याचे झाले होते, आणि दोहोंमधली रेघ कुणीतरी हलक्या हाताने पुसून टाकली होती. आमची डाकोटा आरशात तरंगत होती. वर तीच, खाली तीच. आयुष्यात इतके सुंदर काही मी पाहिले नव्हते.

"अहो, शेवटचं सांगते, तो नाथसागर हाय!"

"सुमन, मला हर्सूल कळतं!"

हे वाक्य पुरे होते न होते तोच खालची डाकोटा वरच्या डाकोटाला येऊन भेटली. पडदा काळा झाला. पाठोपाठ देवरे आत गेले. पाठोपाठ माने. शिस्त म्हणजे शिस्त! दोघेही अखेरपर्यंत माझ्या पंखाकडेच पाहत होते.

"दाजींनी समद्यांना जलसमाधी दिली!" बबनराव उठून उभे राहिले.

समद्यांना नव्हे! हेडफोनमध्ये डॉक्टर बाईंचा आवाज अजून येत होता. "काका, मी वहिनींचं ऐकून मघाच वर आली न! उसाच्या वावरात उतरून राहिली."

म्हणजे चौथे विमान सुरक्षित. ऊस थोडा मोडला असेल. पण तो पडद्यावरचा.

तिथल्या तिथे मंडळाची सभा झाली. देवरे म्हणाले, "मी विश्वासानं बुडालो." नेतेपद डॉक्टर बाईंकडे गेले, आणि त्यांना वाट सांगायला आमच्या सौभाग्यवतींची एकमताने निवड झाली. हल्ली त्या हेडफोन लावून मेथी निवडतात.

बबनराव सांगत फिरतात की मंडळाने दाजींना काढून टाकले. सपशेल खोटे! मंडळाने मला ठेवले आहे, शिवाय रांगेत सर्वांत शेवटची, स्वतंत्र जागा दिली आहे. तिथून मी हव्या त्या नदीकडे बघत हवे तेवढे रमावे, अशी सर्वांची इच्छा आहे. कारण माझ्यामागून पाण्यात शिरायला आता कोणीही नसते.