नव्या मायच्या गळ्यातली माय

माझी माय मेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. मेली असं मी आज म्हणते. तेव्हा हा शब्द आमच्या घरात बंद होता. बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या आत्याने, अंगणातच हुकूम काढला, "लेकरांसमोर कोनी काही बोलू नोका." माय तापाने फणफणली, वैद्याचा काढा झाला, देवऋषी झाला, आणि एका सकाळी तिला चौघांनी उचलून नेलं. हे सगळं मी गोठ्याच्या दारातून धडधडीत पाहिलं होतं. तरी आत्या मला जवळ घेऊन म्हणाली, "तुही माय नागपूरले गेली, दवाखान्यात." तिरडीवरून नागपूरला जाणारी आमच्या आष्टीतली ती पहिलीच बाई असावी.

शेजारणींनी आपापली गावं निवडली. एक म्हणे देवाघरी, दुसरी म्हणे मामाच्या गावी, तिसरीने तर तिची थेट चांदणीच करून टाकली. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा, पण डोक्याने पक्का. त्याने विचारलं, "देवाचं घर नागपुरात हाये का?" त्यावर त्याला जिलेबी मिळाली. आमच्याकडे तेव्हा प्रश्न आला की जिलेबी येई. एवढं गोड आम्ही दिवाळीतही खाल्लं नव्हतं. शिवाय येणारा-जाणारा माझ्या डोक्यावरून हात फिरवी, त्यामुळे वेणी काही केल्या टिकत नसे.

शाळेत गुरुजींनी वेगळंच औषध काढलं. बेचाळीसमध्ये गावाने काय काय सोसलं ते सगळं ऐकवलं आणि म्हणाले, "या मातीतली पोरं रडत नसतात." वा! इंग्रज गेला, पण माझ्या रडण्यावरची बंदी काही उठली नाही. मला मातीशी भांडायचं नव्हतं. मला माय हवी होती. ती येणार नाही हे मला कळत होतं; निदान कोणी तिचं नाव काढावं, एवढंच मागणं होतं. तेही नाही. तिची लुगडी वाटून झाली, तिचं खुरपं दुसऱ्याच्या हाती गेलं. मी "माय" म्हटलं की मोठी माणसं मांजर आडवं गेल्यासारखी थबकत आणि विषय बदलत. असंच चाललं तर ती होती हेच एक दिवस आपण विसरून जाऊ, अशी मला धास्ती बसली.

दिवाळीनंतर बाबांनी दुसरं लग्न केलं. पोरांसाठी. त्या वर्षी सगळं पोरांसाठीच चाललं होतं, पोरांना विचारायचं तेवढं राहून गेलं. नवी माय अठराचीही नसेल. तिच्या गळ्यात आत्याने काळ्या पोतीबरोबर एक चांदीचा टाक बांधला. आमच्याकडे बिजवराची बायको असा टाक घाली. देवघरात असतो तसाच, फक्त त्यावर देवाऐवजी मेलेली सवत. जेवणाआधी तिला घास दाखवायचा, नाहीतर ती कोपते म्हणत. सोनाराने मायला कधी पाहिलं नव्हतं. त्याने डोळ्यांचे दोन ठिपके आणि एक पदर ठोकून दिला होता. ती कोणाचीही माय म्हणून खपली असती.

माझं डोकं मात्र फिरलं. जी बाई नागपूरला गेली म्हणता, ती हिच्या गळ्यात कशी? आणि लेकरांसमोर जिचं नाव काढायचं नाही, तिला रोज लेकरांसमोरच घास? मेलेलीची सोय लागली होती, उरलेल्यांची राहिली होती. मी नव्या मायशी बोलणंच टाकलं.

थंडी सरता सरता नवी माय तापाने पडली. आत्याने निदान करायला वेळ लावला नाही. "सवत कोपली. तिच्या आवडीचं दाखवत नाईस तू." ताप उतरल्यावर एका सकाळी आम्ही बाजारासाठी वांगी तोडत होतो, तर ती माझ्या वाफ्यात येऊन बसली. टाक मुठीत घट्ट धरलेला.

"काय आवडे वं तिले?"

"कोनाले?"

"तुह्या मायले."

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. ती भीतीपोटी विचारते आहे हे दिसत होतं. म्हटलं, भीतीपोटी तर भीतीपोटी. मी सांगत सुटले. मायला करपलेली भाकर आवडे. शेवटची भाकर ती मुद्दाम तव्यावर राहू देई, करपली की आत्याची बोलणी ऐकून घेई, आणि मग चुलीपाशी बसून तेल-तिखट लावून खाई. खरपूस कड मला मिळे.

"अजून?" नवी माय म्हणाली.

अजून म्हणजे कच्ची चिंच. कोवळी वाळकं. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधताना दोन काड्या तोंडात टाकायची ती. आठवणी संपू नयेत म्हणून शेवटी मी जिलेबीही ठोकून दिली.

ती पहिल्यांदाच हसली. "तुही माय लई गोड खाय वं."

दुसऱ्या दिवशी करपट वासाने आत्या धावतच चुलीपाशी आली. "पाह्य माय! आधीची भाकर जाळे, आता हेही जाळून राह्यली!" स्वतःचा हुकूम आपणच मोडला, हे तिच्या ध्यानात आलं नाही. नव्या मायने टाकाला घास दाखवला, भाकरीला तेल-तिखट लावलं आणि कड मोडून माझ्या हातावर ठेवली.

ती चव तोंडात आली आणि माझा बांध फुटला. घास तोंडात तसाच ठेवून मी भोकाड पसरलं. धाकटाही घाबरून रडायला लागला.

"काऊन रडून राह्यली हे?" आत्या ओरडली. "अरे, जिलेबी आना कोनी!"

नवी माय चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तिची माय मेली नं, बाई."