तळ्यातला डबा आणि माझे नंदोई

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले, तरी आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात इतका आनंद मानणारा दुसरा व्यावसायिक सापडायचा नाही. हे गृहस्थ माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे माझे नंदोई. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ते धानोऱ्याला घरी परत आले आणि समोरच्या खोलीवर पाटी लावली: ‘इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांच्या हार्डवेअर डिझाइनचा सल्ला मिळेल.’ शेतातला ओलावा मोजून मोबाइलवर कळवणारी, पंप आपोआप बंद करणारी अशी जी यंत्रं असतात, त्यांच्या आत काय बसवावं, बॅटरी कोणती घ्यावी, वरचा डबा कसा असावा, हे ते कंपन्यांना सांगतात. गावाने मात्र पाटीतले शेवटचे दोनच शब्द वाचले. त्यामुळे कोणी मिक्सर घेऊन येई, कोणी टीव्हीचा रिमोट. एक जण मुलीच्या स्थळाबद्दल विचारायला आला. नंदोयांनी त्यालाही बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “पोराच्या गावात रेंज येते का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मंग एकडाव अजून विचार करा. पोरगी फोन कुठून करन?” ते स्थळ मोडलं. पुढे मुलगी गडचिरोलीत दिली आणि तिचा बाप आजही यांना वाकून नमस्कार करतो.

खरी गिऱ्हाइकं नागपूर-पुण्याहून फोनवर येत. त्यांच्याशी यांचं बोलणं मी बऱ्याचदा ऐकलं आहे. समोरचा माणूस अर्धा तास त्याच्या यंत्राच्या करामती सांगतो, हे डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी एकच विचारतात, “हे सारं ठीक हाय, पण मुंगी कुठून शिरन?” त्यांच्या मते जगातली निम्मी यंत्रं मुंग्यांनी बंद पाडली आहेत आणि उरलेली निम्मी माकडांनी. म्हणून त्यांच्या हातचं प्रत्येक यंत्र आधी गोठ्यात राहतं, मग मोहफुलांच्या पोत्यात, मग वानरं येतात त्या आंब्यावर टांगलं जातं. एवढ्यातून वाचलं तर ते ताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या हातात देऊन म्हणतात, “माझ्यावरचा राग काढ.” ताई ते अंगणात असं आपटतात की परीक्षा घेणारा आणि देणारा दोघेही दचकतात. एका गिऱ्हाइकाला तर नंदोयांनी सरळ सांगितलं, “तुमाले गेट उघडं हाय का बंद, एवढंच पाह्यचं हाय ना? मंग घंटी बांधा. हे मशीन नका बनवू.” गिऱ्हाईक गेलं. हे दिवसभर खुशीत होते.

मी बचत गटाचं काम बघते. सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर काट मारायची, ही माझी सवय. त्या सवयीची शिक्षा मला नंदोयांनी दिली. त्यांच्या घरच्या सगळ्या यंत्रांना त्यांनी माझा मोबाइल नंबर देऊन ठेवला. गटाच्या बैठकीत मी बोलायला उभी राहिले की फोन वाजे: ‘टाकी भरली.’ हिशेब करायला बसले की: ‘गोठ्याचं दार उघडं.’ मी चिडून विचारलं, “भाऊजी, ताईंचा नंबर का नाही दिलात?”

“ते वाचत नाई, वहिनी. तुमी वाचता, अन् वरून फोन करून ओरडताही. असा माणूस मले आणखी कुठी भेटन?”

नंबर काढा, नंबर काढा म्हणून मी मागे लागले. ते हो म्हणत आणि काढत नसत.

मग तळ्याच्या डब्याचं काम आलं. पुण्याच्या एका नव्या कंपनीला मासेमारीच्या तळ्यावर तरंगणारं यंत्र बनवायचं होतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ते कोळ्यांना मोबाइलवर कळवणार, म्हणजे मासे मरायच्या आत हालचाल करता येईल. या डब्यावर नंदोयांचं सगळं अवलंबून होतं. तो पसंत पडून पुढचं काम मिळालं तर इथे राहून करायचं, नाही तर पुण्याची नोकरी परत धरायची, हे ताईंनी ठरवून टाकलं होतं. “रिकामा बसलेला माणूस अन् बंद पडलेला पंप, दोन्ही घरात सारखेच दिसतात,” असं त्या यांच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. यांना पुण्याला जायचं नव्हतं. तिथे गोठा कुठे, वानरं कुठे.

डबा फार देखणा झाला. उलट्या कढईसारखा गोल, म्हणजे पाणी ठरत नाही, मुंगीला धरायला जागा नाही. वर मधोमध सौर पट्टीची सपाट काच. गावच्या तळ्यात तो सोडला आणि रोज सकाळी माझ्या फोनवर येऊ लागलं: ‘डबा ठीक आहे.’ दसरा झाला. कंपनीची माणसं बघायला यायची त्या सकाळी मी चहाचा कप खाली ठेवला आणि लक्षात आलं, फोन वाजलाच नाही.

“भाऊजी, आज डबा बोलला नाही.”

“रेंज नसन,” ते म्हणाले, पण चप्पल घालूनच म्हणाले. पाहुण्यांची गाडी तोवर आरमोरी ओलांडून पुढे आली होती.

मासेमारी सोसायटीच्या अध्यक्षभाऊंनी डोंगा काढला. मीही बसले. जवळ गेलो तर डब्याला झेंडूचा हार, आणि काचेवर तेलात कालवलेल्या शेंदराचं भलं मोठं स्वस्तिक, कडेपर्यंत भरलेलं. ऊन आत जाणार कुठून? बॅटरी बिचारी दसऱ्यापासून शिल्लक खाऊन झोपली होती.

“अध्यक्षभाऊ, हे काय करून ठेवलं?” नंदोई हळू आवाजात म्हणाले.

“दसरा होता ना भाऊ. नांगराले केलं, डोंग्याले केलं, मोटारसायकलले केलं. मंग यालेच काऊन सोडाव? आमच्यासाठी राबून राह्यला तो.”

“पण काचेवर?”

“मंग कुठी करू? बाकी सारा तर गोल. बोट ठेवलं का घसरते.”

मी रॉकेलचं फडकं पुढे केलं. नंदोयांनी ते घेतलं आणि तसंच डोंग्यात ठेवून दिलं.

पाहुणे आले. त्यांच्यात हुद्द्याने मोठ्या अशा एक बाई होत्या. त्यांना बांधावर उभं करून यांनी हारासकट डबा दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, बंद हाय. चूक माझी हाय. मी मुंगीचा विचार केला, माकडाचा केला, दसऱ्याचा नाई केला. सपाट जागा एकच ठेवली, तेही काचेची. इथला माणूस मशीनले कुंकू लावनच.” ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचा फोटो काढला आणि विचारलं, “आणखी कशाचा विचार आम्ही केलेला नाही, ते सांगा.” नंदोई जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगत होते.

काम मिळालं. फक्त ते पुण्यात बसून करायचं होतं. असा माणूस आम्हाला रोज समोर हवा, असं कंपनी म्हणाली. पुण्याला निघताना नंदोयांनी स्वतःहून माझा फोन मागितला. “आणा वहिनी, तुमचा नंबर काढून टाकतो.” मी म्हटलं, राहू द्या, आत्ता गडबड आहे, मग बघू. गडबड काहीच नव्हती.

या वर्षी पुण्याहून नवे डबे आले. तसेच गोल, पण काच सोडून जरा खाली, पुढच्या बाजूला, बोटाचं टोक बसेल एवढा एक खळगा. अध्यक्षभाऊंना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी पहिला डबा डोंग्यात मांडीवर घेतला, कुंकवात बोट बुडवलं आणि ते बरोबर त्या खळग्यात टेकवलं. काच कोरी राहिली.

ताईही पुण्याला गेल्या, गोठा विकला, टाकीला कोणी विचारत नाही. त्यामुळे माझा फोन आता बैठकीत वाजत नाही आणि यादीवरची कामं वेळेत होतात. सकाळी तेवढं येतं, ‘डबा ठीक आहे’. डब्याला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. तरी मी उत्तर लिहिते, “बरं, भाऊजी.”