पावणेसातचा सौदा

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतले लोक आपली घड्याळं तासभर मागे घेतात. त्याचा आपल्याशी काय संबंध, असं मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं.

आमची अकरा जणांची टीम नवी मुंबईत महापेला बसते. औषधं पोचवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीची ऑर्डरची सिस्टीम बंद पडू द्यायची नाही, हे आमचं काम. तिथल्या साहेबाबरोबर रोज त्याच्या सकाळी नऊला कॉल असतो. उन्हाळ्यात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. हिवाळ्यात त्याचे नऊ नऊच राहतात, आपले साडेसात होतात. दर ऑक्टोबरच्या शेवटी मॅनेजरचा दोन ओळींचा मेल यायचा, सोमवारपासून कॉल साडेसातला. अकरा जण 'ओके' लिहायचे. कुणाचं जेवण, कुणाच्या आईची औषधं, कुणाच्या पोराचा अभ्यास, सगळं मुकाट तासभर पुढे सरकायचं. आठ वर्षं मीही 'ओके' लिहिलं. भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी न घेणारा माणूस मी, पण तिथे कधी तोंड उघडलं नाही.

भाव करायला मी जुईनगर स्टेशनाबाहेर शिकलो. मराठवाड्यातून डिप्लोमा करायला आलो तेव्हा संध्याकाळी एका टपरीवर मोबाइलची कव्हरं विकायचो. फी त्यातूनच भरली. पुढची नोकरी, परीक्षा, बढत्या, सगळं मी माझं केलं. आज त्याच स्टेशनापासून दहा मिनिटांवर माझा फ्लॅट आहे, आणि त्यात कुणाच्या शिफारशीची एक वीट नाही.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि ती खो-खो खेळते. घराजवळच्या मैदानावर एक सर शिकवतात. सराव साडेसातला संपतो. जाताना ती सोसायटीतल्या मुलींबरोबर उजेडात जाते, परत येताना अंधार असतो, म्हणून सरांचा नियम आहे की घरचं माणूस आल्याशिवाय मूल मैदानाबाहेर पाऊल टाकणार नाही. एकदा शेजारच्या काकूंना पाठवलं, तर सरांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. बायको द्रोणागिरीला एका गोदामात कंटेनरची कागदपत्रं बघते, तिला घरी यायला साडेआठ होतात. तेव्हा घरचं माणूस म्हणजे मी. साडेसहाचा कॉल घरून केला की सव्वासातला मोकळा होऊन मी चालत मैदानावर जायचो. मार्च ते ऑक्टोबर काही अडचण नव्हती.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉल साडेसातला गेला आणि मी तो मैदानाच्या भिंतीला टेकून, कानात इयरफोन घालून करायला लागलो. पहिल्याच आठवड्यात माझी बोलायची पाळी आली आणि सरांनी शिट्टी वाजवली. अमेरिकेतला साहेब हसला. आमचा मॅनेजर हसला नाही. कॉल संपल्यावर त्याचा फोन आला.

"कुठून बोलत होतास रे?"

"मैदानावरून. मुलीला घ्यायला आलोय."

"मिसेस नाही का घरी?"

"तिची पण नोकरी आहे."

"अरे, पण काहीतरी ॲडजस्ट करायचं ना. बाकीच्यांना पण मुलं आहेत."

बाकीच्यांना मुलं आहेत हे खरं आहे. त्यांच्या घरी त्या वेळेला बायको असते, आई असते, हेही खरं आहे. वर्षाच्या शेवटी माझ्या मूल्यमापनात त्याने लिहिलं, कामाच्या वेळी लक्ष विचलित असते. आठ वर्षांत सिस्टीम माझ्या हातून एकदाही बंद पडलेली नाही, आणि माझं लक्ष विचलित असते. मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. त्याची पाण्याची बाटली आडवी झाली. त्याने ती शांतपणे उभी केली आणि म्हणाला, "बघ, हेच मी म्हणतोय." टपरीवर असताना मला ठाऊक होतं की जो चिडला त्याचा भाव गेला. ते मी विसरलो. मूल्यमापनातलं ते वाक्य अजून माझ्या फाइलमध्ये आहे, आणि मी ते विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

शिक्षा मुलीला झाली. मी तिचा सराव मार्चपर्यंत बंद केला. ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि बूट पिशवीत घालून पलंगाखाली सरकवले. मी कॉलवर बसलो की ती बाहेर लिफ्ट आणि जिना यांच्यामध्ये धावायची. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तेही बंद झालं. मार्चमध्ये ती मैदानावर परत गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी बसत होती, आणि हिला सूर मारायला भीती वाटायला लागली होती.

पावसाळाभर तिने ती भीती घालवली. कोपरं सोलवटून घेतली. सप्टेंबरमध्ये सरांनी मला बाजूला घेतलं.

"डिसेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी बारा मुली निवडणार आहे. हिचं नाव डोक्यात आहे. पण गेल्या वर्षीसारखी ऐन हिवाळ्यात गायब झाली, तर तिचं नाव धरू नका."

"नाही होणार, सर."

"तुम्ही गेल्या वर्षी पण असंच म्हणाला होतात."

घरी मी बायकोला सांगितलं की या वेळी कॉलच हलवतो. ती पोळ्या लाटत होती.

"कुणाचा? अमेरिकेचा?"

"हो."

"पोरीला खेळायचंय म्हणून, की तुला त्या मॅनेजरची जिरवायचीय म्हणून?"

"दोन्ही."

"मग पोरीचं आधी कर," ती म्हणाली. "आणि ओरडू नकोस. ओरडलास की तुझं इंग्रजी जातं."

मॅनेजरकडे मी गेलोच नाही. भाव नेहमी मालकाशी करावा, गल्ल्यावर बसवलेल्या माणसाशी नाही. अमेरिकेतल्या साहेबाचं मला एक ठाऊक होतं. कॉलची पहिली पंचवीस मिनिटं तो दिवसभरात काय झालं एवढंच विचारायचा, कारण नंतर त्याला त्याच्या वरच्याला तेच सांगायचं असायचं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून मी रोज संध्याकाळी पाच वाजता, कुणी न मागता, त्याला एक पान पाठवायला लागलो. काय झालं, काय अडलं, ते कोण आणि कधीपर्यंत सोडवणार. तीन आठवडे एकही दिवस चुकवला नाही. पाऊण तासाचा कॉल वीस मिनिटांवर आला. त्याने दोनदा आभार मानले. मी म्हटलं, काही विशेष नाही.

चौथ्या आठवड्यात मी पान पाठवणं थांबवलं. द्राक्षवाला आधी एक मणी खायला देतो, घड फुकट देत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉलवर सगळ्यांसमोर विचारलं, ते पान आलं नाही?

मी म्हणालो की ते मी माझ्या वेळात करत होतो, आणि नोव्हेंबरपासून आमचा कॉल तासभर पुढे जातो, मग माझ्याकडे तो वेळ उरत नाही. कॉल वर्षभर आमच्याच घड्याळावर ठेवला, तर पान रोज येईल. आणि आमचे सहा केले तर उत्तम.

सहा मला नकोच होते. सहा म्हणजे हिवाळ्यात त्याचे सकाळचे साडेसात. तो ते देणार नाही, हे ठाऊक असल्यामुळेच मी ते मागितले.

"साडेसात फार लवकर होतात," तो म्हणाला. "साडेआठ?"

म्हणजे आपले सात. सातला सुरू झालेला कॉल साडेसातला संपला, तर मैदानावर पोचायला उशीर. मी काही बोललो नाही. टपरीवर गिऱ्हाईक कव्हर खाली ठेवून वळायचं, तेव्हा त्याला हाक न मारणं हे सगळ्यात अवघड काम असायचं. स्क्रीनवर मॅनेजरने घसा साफ केला आणि तो काहीतरी सावरून घेणार असं दिसलं. मी देवाला कधी काही मागत नाही, पण त्या क्षणी त्याचा माइक बंद असावा असं मला फार वाटलं. तो बंदच होता. ओठ हलले, आवाज आला नाही.

"सव्वाआठ," साहेब म्हणाला. "आणि अर्ध्या तासाच्या वर नाही. तुझं पान असेल तर अर्धा तास पुरतो."

आपले पावणेसात. सव्वासातला सुट्टी. मी विचार केल्यासारखं थोडं थांबून हो म्हणालो.

मॅनेजरने लगेच फोन केला.

"हे मला आधी सांगायला नको होतं का?"

"गेल्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही मिसेसचं विचारलंत."

त्याने फोन ठेवला, आणि तासाभरात त्याच्या नावाने सगळ्यांना मेल आला. टीमच्या कुटुंबांचा विचार करून आपण क्लायंटशी बोलून वेळ बदलून घेतली आहे, वगैरे. खाली दहा आभार. मी तो मेल तीन वेळा वाचला. उत्तराच्या खिडकीत बरंच काही लिहिलं, आणि बायकोने काय सांगितलं होतं ते आठवून पुसलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ज्याची आई आजारी असते तो पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "दादा, आता हिवाळ्यातही आई माझ्या हातून जेवेल." त्याला बरोबर ठाऊक होतं कुणाशी बोलायचं. अकरा घरांची हिवाळ्यातली संध्याकाळ मी परत आणली, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण कंपनीत ते दुसऱ्याच्या नावावर आहे.

नोव्हेंबरभर मुलीचा एकही सराव चुकला नाही.

निवड डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी होती. बायकोही आली होती. मुली धावल्या, बसल्या, उठल्या, दोन तास. मी मोबाइलवर प्रत्येकीची वेळ लावत होतो. माझ्या हिशेबाने आमची पाचवी होती. सरांनी कागद काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. पाचवं नाव दुसरीचं. सहावं, सातवं, आठवं. बायकोने माझं मनगट पकडलं. दहावं झालं. अकरावं आमचं.

मी सरांकडे निघालो. पाचवीची अकरावी कशी झाली, हे मला विचारायचं होतं, वेळा माझ्याकडे होत्या. मुलगी मध्ये आली. मातीने भरलेली, एका कोपराला नवीन खरचटलेलं.

"बाबा, कुठे चाललास?"

"सरांशी दोन मिनिटं बोलतो."

"नको."

"अगं, तू पाचवी होतीस. माझ्याकडे—"

"मी दोनदा चुकीच्या बाजूने उठले. तुला दिसलं नाही, सरांना दिसलं." तिने माझ्या हातातला मोबाइल घेऊन खिशात टाकला, माझ्याच. "बारात अकरावी म्हणजे आत आहे. आता तू भाव केलास ना, तर सगळ्या म्हणतील हिच्या बाबांनी घेतलं."

मग ती मुलींमध्ये परत गेली. त्या गोल करून बसल्या होत्या, तिने दोघींच्या मध्ये ढकलून जागा केली आणि मांडी घातली. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो. सर माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन या तयारीत. मी फक्त मान हलवली.